खड्डा रिकामा बुजवू नये

आभार मानण्याच्या बाबतीत मी जरा कच्चा आहे. वीज खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला ती सवय राहत नाही. लोकच आपले आभार मानतात, आणि तेही वीज आल्यानंतर फार तर दोन मिनिटं. पण यंदा दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या पोर्चमध्ये जे काही झालं, त्यात इतक्या लोकांचे उपकार माझ्या डोक्यावर चढून बसले आहेत की ते एकदा उतरवून ठेवलेले बरे. त्यातल्या निम्म्या लोकांनी मला अतोनात छळलं. त्यांचेही आभार.

प्रकरण एवढंच, की माझ्या बायकोची विजेची गाडी तारेशिवाय चार्ज व्हावी अशी माझी इच्छा होती.

हे ऐकून आमचे शेजारी भय्यासाहेब म्हणाले, "अरे अच्युत, एक तार तं लावायची आहे. आदमी ने इतना भी आळशी नहीं होना." भय्यासाहेब तोफगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर जबलपूरला आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यामुळे लोखंड आणि दुसऱ्यानं काढलेली मोहीम या दोन विषयांवर ते अधिकारानं बोलतात. मी त्यांना उत्तर दिलं नाही. खरं उत्तर चारचौघांत सांगितलेलं विनताला आवडलं नसतं.

खरं उत्तर म्हणजे विनताचे हात. विनता, म्हणजे माझी बायको, गणिताची शिक्षिका होती. फळ्यावर नुसत्या हातानं असं वर्तुळ काढायची की कंपासपेटीनं लाजावं. त्याच हातांची बोटं संधिवातानं चार दिशांना वळली आहेत. तरी गाडी ती उत्तम चालवते, कारण स्टिअरिंग तळव्यानं फिरतं आणि गिअर नाहीच. दर बुधवारी आणि शनिवारी ती पनागरला जाते आणि दहावीच्या मुलींना गणित शिकवते. बसमध्ये वरचा दांडा तिला धरवत नाही, म्हणून ही गाडी. तिला जमत नाही ती फक्त चार्जिंगची गन. अंगठ्यानं खटका दाबायचा, जोर लावून खुपसायची, तितकाच जोर लावून उपसायची. आमच्या गाडीला ती गन इतकी घट्ट बसते की मलाही देवाचं नाव घ्यावं लागतं.

म्हणून ते खातं माझ्याकडे होतं. आता मी काम करतो, पण मुकाट्यानं करत नाही. "आज कुठे? परत कधी? शनिवारी तर जाऊन आलीस!" असे चार प्रश्न विचारल्याशिवाय माझ्या हातून गन निघत नसे. माझ्या मते ही आपुलकी होती. एका बुधवारी मी गन गाडीला खुपसलेली तशीच ठेवून चष्म्याची दांडी बसवायला कमानिया गेटला गेलो, तिथे एक जुने सहकारी भेटले, मग चहा, मग त्यांच्या जावयाची बदली. परत आलो तेव्हा विनता मांडीवर पर्स घेऊन पोर्चच्या पायरीवर बसलेली होती. दीड तास. भय्यासाहेबांच्या घरालाही नेमकं कुलूप होतं. ती भांडली नाही. अडतीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय की विनता भांडली नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

"अहो," ती म्हणाली, "आपण गाडी विकून टाकू. घराबाहेर पडायचं तं दर वेळी कुणाचा तरी हात मागायचा. माझ्याच्यानं नाही होत हे."

मला फार लाज वाटली. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

आणि इथे माझा पुतण्या चंद्रशेखर देवासारखा धावून आला, म्हणजे त्यानं फोन उचलला. तो पुण्यात एका लहानशा कंपनीत आहे. त्या कंपनीनं जमिनीत पुरायची एक चकती बनवली आहे. घरातली वीज चकतीत येते, गाडीच्या पोटाखाली तशीच दुसरी चकती बसवतात, आणि गाडी बरोबर वर उभी केली की मधल्या चार बोटं हवेतून वीज आपोआप वर चढते. कंपनीला हे यंत्र कुणाच्या तरी घरी सहा महिने वापरून पाहायचंच होतं. "काका, तुमचं घर एकदम योग्य आहे," चंद्रशेखर म्हणाला. "तुम्ही वीज खात्यातले." या वाक्यानं मी हुरळलो. वीज खात्यात मी आयुष्यभर फॉर्म आणि परिपत्रकं तयार केली आणि तारेला कधी बोट लावलं नाही, ही गोष्ट घराण्यात कुणालाच माहीत नाही.

यंत्रासाठी घराचा वीजभार वाढवून घ्यायचा होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याच जुन्या कार्यालयात गेलो. खिडकीवर प्रतिमा मॅडम. एके काळी त्या माझ्या हाताखाली होत्या. त्यांनी उठून नमस्कार केला, चहा मागवला, आणि अर्ज परत दिला.

"सर, कॉलम नौ खाली है. प्लग का प्रकार."

"मॅडम, याला प्लगच नाही. हे बिनतारी आहे."

"बिना तार के चार्ज होगी?" त्यांनी चष्मा वर केला. "तो फिर सर, हमसे क्या चाहिए?"

मी समजावून सांगितलं. त्यांना पटलंही. पण फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं की एकही रकाना रिकामा असल्यास अर्ज नाकारला जाईल. "सर, ये नियम तो आप ही का बनाया हुआ है," त्या हळूच म्हणाल्या. खरं होतं. तो फॉर्म मीच तयार केला होता, आणि ती ओळ तर मी साहेबांशी भांडून घातली होती. माणसानं आपल्या हयातीत आपलाच फॉर्म भरू नये. शेवटी प्रतिमा मॅडमनी नववा रकाना स्वतःच्या अक्षरात भरला, "प्लग भूमिगत", आणि साहेबांची सही आणली. त्यांचे आभार मी तिथेच मानायला हवे होते, पण स्वाभिमान आड आला. आता मानतो.

खणायला नथ्थू मिस्त्री आला. पोर्चमध्ये दोन हात लांब-रुंद खड्डा होताच गल्लीतले एकूण एक अनुभवी लोक कडेला जमा झाले. टाकी आहे, विहीर आहे, गाडी धुवायचा हौद आहे, अशी मतं पडली. भय्यासाहेबांनी खड्ड्याची खोली काठीनं मोजली आणि तोफ बसवायला एवढा खड्डा पुरणार नाही असं जाहीर केलं. त्यांच्या पत्नी शरयूवहिनींनी मात्र एक कामाची गोष्ट सांगितली. गाडी चकतीवर अगदी बरोबर थांबायला हवी, एक वीत इकडेतिकडे झाली तरी चालत नाही, हे ऐकून त्यांनी पोर्चच्या छताला दोऱ्यानं लिंबू-मिरची टांगली. लिंबू काचेवर विनताच्या नाकासमोर टेकलं की ब्रेक दाबायचा. पुण्याच्या इंजिनिअरांनी यासाठी कॅमेरा बसवायचं ठरवलं होतं. चंद्रशेखरनं लिंबाचा फोटो मागवून घेतला.

या सगळ्या वेळात उंबऱ्याजवळच्या खुर्चीत बसून माझी थोरली बहीण बेबीताई बघत होती. ताई शहात्तर वर्षांची. आमचे मेहुणे भाऊराव गेल्यावर ती नागपूरहून आमच्याकडे आली. विनता गाडी काढायला लागली की "निघाली भटकभवानी" असं ती न चुकता म्हणायची. त्यामुळे ताईला हा खटाटोप पसंत नसणार हे मी गृहीत धरलं होतं. खड्ड्यात चकती बसली, तारा जोडल्या गेल्या, तेव्हा ताईनं फक्त एवढंच विचारलं, "अच्युत, खड्डा तसाच रिकामा बुजवून राहिला का रे?"

"रिकामा कुठे, ताई? चकती आहे ना त्यात."

"ते तं यंत्र झालं," ताई म्हणाली. मी आत चहा सांगायला गेलो. परत आलो तोवर नथ्थूनं वरची फरशी बसवून टाकली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उद्घाटन. भय्यासाहेबांनी नारळ फोडला, शरयूवहिनींनी गाडीला कुंकू लावलं. विनता गाडी मागे नेऊन सावकाश पुढे आली, लिंबू काचेला टेकलं, गाडी थांबली. भिंतीवरचा दिवा हिरवा झाला. टाळ्या पडल्या. मी दोन शब्द बोलायला घसा साफ केला, आणि दिवा लाल झाला. माझ्या मोबाइलमधून एक बाई शुद्ध मराठीत म्हणाली, "परकी वस्तू आढळली आहे. चार्जिंग थांबवण्यात येत आहे."

पुन्हा गाडी मागे, पुन्हा पुढे. हिरवा, लाल, परकी वस्तू. सात वेळा. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अंकलजी तो बिजलीवाले थे ना?" या 'थे'नं मला जेवढं लागलं तेवढं वीज खात्यात कधी लागलं नव्हतं.

चंद्रशेखर फोनवर म्हणाला, "काका, चकतीच्या वर कुठेतरी धातू आहे. गाडी आणि चकती यांच्या मध्ये धातू आला की तो तापतो, म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं. शोधा." हे ऐकताच भय्यासाहेबांच्या डोळ्यांत तेज आलं. त्यांनी घरून एक मोठा चुंबक आणला, त्याला सुतळी बांधली, आणि दोन दिवस आमच्या पोर्चमध्ये मासेमारी केली. तीन खिळे, एक बाटलीचं झाकण, शरयूवहिनींची पिन, आणि कुंडीमागून एक किल्ली निघाली. ती किल्ली आमच्या जुन्या स्कूटरची होती. विनतानं हरवली म्हणून सात वर्षांपूर्वी मी तिला फार बोललो होतो. विनतानं किल्ली हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेली. मी भय्यासाहेबांना म्हटलं, आता पुरे.

नथ्थूला बोलावलं. सिमेंटमध्ये सळई तर नाही टाकलीस? "साहेब, लोखंडाचा तुकडा जरी टाकला असन, तं हात गळून पडन माझा," तो म्हणाला. शपथ खरी होती. त्यात 'लोखंड' या शब्दावर त्यानं किती भर दिला हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दिवाळीला चार दिवस राहिले. विनताला पनागरच्या शाळेत फोन करून पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणी बघा असं सांगताना मी ऐकलं. फोन ठेवून ती बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी होती. बुधवार आणि शनिवारवर तिनं वर्षभराचे गोल काढून ठेवले होते. आता ते गोल वेडेवाकडे येतात. मला तिथे उभं राहवलं नाही.

रविवारी सिहोऱ्याहून गाडी बघायला गिऱ्हाईक आलं. धान्याचे व्यापारी, मोठे सज्जन गृहस्थ. येताना आमच्यासाठी पिशवीभर शिंगाडे घेऊन आले. विनतानं त्यांना गाडी दाखवली. दारं, काचा, मागची सीट. "गाडी में कोई दोष नहीं है, भैया," ती म्हणाली. "दोष मेरे हाथों में है." आणि हात पदराखाली घेतले.

गृहस्थांना जमिनीतल्या चौकोनाचं कुतूहल वाटलं. "ये क्या है?" मी म्हटलं, दाखवतो. गाडी पुढे घेतली, लिंबू टेकलं, हिरवा झाला, लाल झाला, आणि मोबाइलमधल्या बाईनं आपलं पालुपद म्हटलं. परकी वस्तू आढळली आहे.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. बेबीताई उभी राहिली होती.

"परकी, परकी काय लावलं हिनं केव्हाचं?" ताईनं मोबाइलकडे बोट दाखवलं. "परकी काहून? माझी जोडवी आहेत ती!"

कुणाला काही कळेना. ताई परत खुर्चीत बसली आणि डोळ्यांना पदर लावून सांगू लागली. खड्डा रिकामा बुजवू नये, घरचं काहीतरी टाकावं, सोनं, चांदी, जे असेल ते, असं तिच्या सासरी होतं. घर बांधा, विहीर बांधा, गोठा बांधा. आणि टाकलेलं सांगायचं नसतं, नाहीतर फळत नाही. म्हणून मी चहा सांगायला आत गेलो तेवढ्यात तिनं नथ्थूला शपथ घातली आणि स्वतःची चांदीची जोडवी फरशीखाली ओल्या सिमेंटात ठेवायला दिली. भाऊराव गेल्यापासून तिनं ती डब्यात जपून ठेवली होती. चांदी चुंबकाला लागत नाही, तेव्हा भय्यासाहेबांची मासेमारी व्यर्थ जाणारच होती.

"मला वाटलं यंत्र आपोआप सुधरन," ताई म्हणाली. "सांगितलं तं फळ जाईन, नाही सांगितलं तं गाडी जाईन. पंधरा दिवस झोप नाही मला."

"पण ताई, तुम्ही तर मला..." विनता म्हणाली.

"भटकभवानी म्हणते, हो म्हणते! तोंड आहे, म्हणते. माझे पाय तं घर आणि देऊळ सोडून कुठे गेले नाहीत, विनता. म्हटलं, जोडवी तरी राहू दे तुझ्या गाडीखाली. तू जाशीन तिथून सुखरूप येशीन."

विनता ताईच्या पायाशी बसली आणि त्या वाकड्या बोटांनी तिनं ताईचे दोन्ही हात धरले. किती घट्ट धरता आले कोण जाणे, पण ताईनं ते सोडवले नाहीत. मी लिंबाकडे बघत राहिलो, कारण कुठेतरी बघणं भाग होतं. साठ-पासष्ट वर्षं मी या बहिणीचा भाऊ आहे असं मला वाटत होतं. तिला ओळखायचं मात्र राहून गेलं होतं.

नथ्थूला फोन केला. तो छिन्नी-हातोडा घेऊनच आला, म्हणजे त्यालाही हे कधीतरी होणार हे माहीत असावं. "आईनं शपथ घातली होती, साहेब. लोखंडाचं विचारलं, लोखंडाचं सांगितलं." सिहोऱ्याचे गृहस्थ म्हणाले, "गाड़ी बाद में, पहले ये हो जाए," आणि बाह्या सरसावून फरशीचा कोपरा धरून बसले. फरशी निघाली. सिमेंटात दोन जोडवी शेजारी शेजारी बसलेली होती.

आता पंचाईत अशी, की जोडवी काढली तर खड्डा रिकामा. ताई ऐकेना. भय्यासाहेबांनी लाकडी तोफ सुचवली. शेवटी चंद्रशेखरला फोन लावला आणि विचारलं की धातू नसेल असं काय ठेवलेलं तुमच्या यंत्राला चालतं. त्यानं फोन धरून ठेवायला सांगितला. मग साहेबांना विचारून आलेला त्याचा आवाज, अगदी गंभीर: "काका, आत्याला सांगा, हळकुंड चालेल. सुपारीही चालेल." ताईनं दोन्ही ठेवली. यंत्राच्या माहितीपुस्तकात ही ओळ छापावी अशी मी कंपनीला लेखी सूचना केली आहे, फॉर्म भरून.

विनता गाडीत बसली. पुढे आली, थांबली. हिरवा दिवा. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. मोबाइलमधली बाई गप्प. भय्यासाहेब म्हणाले, "चलो, फतह हुई," आणि सिहोऱ्याच्या गृहस्थांनी विनताला हात जोडले. "दीदी, अब आप बेचने से रहीं. हम चलते हैं." तासभर धुळीत फरशी धरून बसलेला हा माणूस रिकाम्या हातानं गेला आणि शिंगाडे ठेवून गेला. त्यांचे आभार कुठल्या तोंडानं मानावेत ते मला अजून सुचलेलं नाही. जोडवी विनतानं धुऊन, पुसून, गाडीच्या पुढच्या खणात ठेवली.

त्याच संध्याकाळी तिनं पनागरला फोन केला आणि म्हणाली, "येते मी. वर्गमूळ पक्कं करून ठेवा म्हणावं मुलींना."

दिवाळी होऊन गेली. परवा गुरुवारी दुपारी जेवून मी जरा आडवा झालो. उठलो तर घरात आवाज नाही. पोर्चमध्ये आलो तर गाडी नाही. गुरुवार म्हणजे पनागरचा वार नव्हे. मग माझं लक्ष उंबऱ्याजवळ गेलं. ताईची खुर्ची रिकामी होती, आणि दारातल्या तिच्या चपलाही नव्हत्या. विनताला फोन लावला, तिनं उचलला नाही. गाडी चालवताना ती उचलत नाही.

कुंपणापलीकडून भय्यासाहेब बघत होतेच. "काय रे अच्युत? वहिनी कुठे गेल्या? बेबीताई भी नहीं दिख रहीं."

"माहीत नाही," मी म्हणालो, आणि शरयूवहिनींनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा जरा मोठ्यानं म्हणालो, "मला काही माहीत नाही!"

"तुला सांगून नाही गेल्या?"

"नाही," मी म्हणालो. "मला विचारायची गरजच पडली नाही त्यांना."